मोरपंखी जोड

"कुंदा हेमंतच्या लग्नातून उठून गेली, ऋजुता. सख्ख्या भावाच्या लग्नातून! हळदीच्या आदल्या दिवशी, पाहुण्यांनी भरलेल्या घरातून पिशवी उचलली आणि एसटी धरली. लोक मला विचारत होते, करवली कुठाय, करवली कुठाय. मी कुणाकुणाला तोंड देऊ? आणि आता तुझ्या डोहाळजेवणाला मी तिच्या दारात बोलवायला जाऊ?"

सून शांतपणे ऐकत होती. सातवा महिना होता तिचा. खुर्चीत पाठीला उशी, पुढ्यात संगणक, संगणकाशेजारी एक लाकडी पोपट.

"पण का?" तिनं विचारलं.

"काय का?"

"कुंदाताई का उठून गेल्या?"

"मला काय विचारतेस? तिला विचार."

"विचारलं. त्या म्हणाल्या, आईला माहीत आहे. आईनं स्वतः येऊन बोलावलं तर येईन."

"बघ! तोरा बघ!"

"आई, तुम्ही ही गोष्ट मला किती वेळा सांगितली असेल. दर वेळी असंच सांगता. बायका पाटावर बसल्या, बांगड्या भरून झाल्या, कुंदा उठून गेली. मधली एखादी पायरी राहतेय."

"मधली पायरी म्हणजे हेकटपणा. बापावर गेलीय."

"बरं," ती म्हणाली. "पण त्या आल्या नाहीत तर मीही पाटावर बसणार नाही. माझ्या लग्नात माझी नणंद नव्हती. माझ्या बाळाच्या वेळी तरी असू दे." आणि कानाला ती गोल यंत्रं लावून तिनं संगणकात डोकं घातलं. झालं. पुढची पंचवीस मिनिटं ब्रह्मदेव आला तरी ती बघणार नव्हती.

ह्या बोलण्याला आता पाच वर्षं होऊन गेली. हेमंतच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षं झाली होती. फलटणच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान. मी हौसाबाई कासारीण. शाळा चौथीपर्यंत, पण चाळीस वर्षांत एवढी मनगटं हातात धरलीत की बाईचा हात हातात आला की माप सांगते, आणि माप सांगता सांगता तिच्या घरात काय चाललंय तेही. पेठेत मला उलटून बोलणारं कुणी नाही. घरात मात्र ही एक आली होती. नगरची, इंजिनिअर झालेली, पुण्याच्या कंपनीसाठी साइट बनवायचं काम घरी बसून करणारी. भांडत नाही, आवाज चढवत नाही, फक्त 'का' विचारते आणि उत्तर येईपर्यंत तोंडाकडं बघत बसते.

तिच्या कामाच्या रीती बघून मला सुरुवातीला वाटलं होतं, हेमंतनं डोक्यानं अधू पोरगी आणली. भिंतीवर चिठ्ठ्या डकवलेल्या. मी अक्षर लावून लावून वाचायची. 'एका वेळी एकच काम.' ठीक आहे. 'पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठणं.' त्यासाठी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ. किल्ली दिली की टिकटिक करत बसायचं आणि वेळ भरली की किंचाळायचं. 'रोज थोडं अर्धं सोडून उठ, म्हणजे उद्या कुठून सुरू करायचं ते कळतं.' ही चिठ्ठी मी काढून टाकली होती. आमच्यात एका हातात बांगड्या भरून दुसरा रिकामा ठेवून उठतात का? तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली.

आणि शेवटची चिठ्ठी, 'अडलं की पोपटाला सांग.'

रामाच्या रथाच्या जत्रेतून तिनं तो पोपट आणला होता. एक डोळा पुसलेला. काम अडलं की त्याला पुढ्यात घ्यायची आणि बोलायला लागायची. "हे बघ, आधी मी यादी मागवली. ती आली. मग पहिलं नाव घेतलं..." मी दारातून बघायची आणि कपाळावर हात मारायची.

"अगं, कुणी बघितलं तर काय म्हणेल?" एकदा मी बोललेच. "माणसांशी बोलायला वेळ नाही आणि लाकडाशी गप्पा."

"आमच्या कामात सगळेच करतात, आई. बाकीचे प्लास्टिकचं बदक ठेवतात. मला पोपट मिळाला."

"आणि तो सांगतो होय तुला?"

"तो काही सांगत नाही, म्हणून तर उपयोगी. त्याला काहीच माहीत नाही ना, मग सगळं पहिल्यापासून, एकही पायरी न सोडता सांगावं लागतं. सांगता सांगता जिथं जीभ अडखळते किंवा आपण घाईनं पुढं जातो, तिथंच चूक असते."

"माझी नाही जीभ अडखळत," मी म्हटलं.

"भाग्यवान आहात," ती म्हणाली. चेष्टेनं म्हणाली की खरंच, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

डोहाळजेवण रविवारी ठरलेलं. बोलावणी गेलेली. हेमंत दोन बायकांच्या मधे सापडलेला. तो दुकानातच बसून राहायचा, जेवायलासुद्धा डबा तिथं मागवायचा. मी हट्टाला पेटले होते. सून पाटावर बसली नाही तर पेठेत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती, आणि कुंदाच्या दारात जायचं तर मान खाली घालावी लागणार होती. दोन्ही मला नको होतं.

त्यातच बुधवारी दुपारी ऋजुताला फोन आला. मी तिच्या खोलीत जमिनीवर बसून रविवारच्या हिरव्या बांगड्या मापवार लावत होते. फोन ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला. "हो... हो... कधी?... आता कशा आहेत?" एवढंच बोलली. फोन ठेवला आणि तिनं पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"काय गं? माहेरचं काही?"

"नाही." ती पाणी प्यायली. "आम्ही एका रुग्णालयाची साइट बनवलीय. तिथं मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त यंत्रानं साफ करतात. चुकवून चालतच नाही, आठवड्यातनं तीनदा यावं लागतं. कुणी किती वाजता यायचं ती यादी माझ्या कामातून तयार होते. एक बाई गावाकडून पहाटेच्या गाडीनं आली, तर यादीत नावच नाही. तिला परत पाठवलं. ह्या महिन्यात दुसऱ्यांदा. आज ती तिथंच व्हरांड्यात कोसळली."

"गेली?"

"नाही. आहे. पण गेली असती, आई."

तिनं पोपट हातात घेतला, परत खाली ठेवला. माझ्याकडं वळली. "आज त्याच्या जागी तुम्ही बसाल?"

"मी? मला काय कळणार त्यातलं?"

"न कळणारंच माणूस लागतं."

दुसरं कुणी हे म्हणालं असतं तर मी काय उत्तर दिलं असतं ते पेठेला माहीत आहे. पण पोरीचे डोळे भरलेले होते. मी बांगड्या बाजूला सारल्या आणि बसले.

ती भराभरा बोलत गेली. मला ओ की ठो कळलं नाही. "सावकाश," मी खेकसले. "गाडी सुटतेय का तुझी? पहिल्यापासून सांग."

तिनं पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी एकेक शब्द ठेवत. "सकाळी यादी येते. मी पहिल्या जागेवरचं नाव बघते. माणूस येणार असेल तर वेळ देते. मग दुसऱ्या जागेवरचं. माणूस येणार नसेल, म्हणजे रद्द झाला असेल, तर त्याचं नाव यादीतून काढते. आणि मग पुढच्या जागेवर..."

ती थांबली. तोंड उघडंच राहिलं.

"काय झालं?"

"काढलं की खालची सगळी नावं एकेक जागा वर सरकतात," ती हळूच म्हणाली. "त्याच्या मागचं नाव त्याच्या जागेवर येतं. आणि मी तर पुढच्या जागेवर गेलेली असते."

"माणसासारखं बोल."

तिनं माझ्या पुढ्यातल्या बांगड्यांच्या डब्या ओळीनं मांडल्या. "ह्या पाटावर बसलेल्या बायका समजा. तुम्ही एकेकीच्या बांगड्या भरत चाललात. तिसरी बाई उठून गेली. चौथी सरकून तिच्या पाटावर आली. तुमच्या डोक्यात काय, तिसरा पाट झाला, आता चौथा. तुम्ही चौथ्या पाटाकडं वळलात, तिथं आता पाचवी बसलीय. मधल्या बाईला तुम्ही बघितलंच नाही. ती बिचारी हात पुढं करून तशीच बसून राहते."

मी एकदम उठले. गुडघा दुखत होता तरी उठले. "चहा टाकते," म्हटलं.

"त्या बाईच्या आधीचं नाव दोन्ही वेळा रद्द झालं असणार," मागून ऋजुता म्हणत होती. "यादीतून गेला दुसराच कुणी, आणि गाळली गेली ही."

चहा उतू गेला. माझ्या हातून चहा कधी उतू गेलेला नाही.

तासाभरात तिनं ते दुरुस्त केलं. मग तिनं तीन फोन केले. तिसरा त्या बाईच्या घरी. मी दाराआड उभी राहून ऐकला. "काका, मी साइटचं काम करणारी ऋजुता बोलतेय. तुमच्या घरच्यांचं नाव यादीत आलं नाही ती चूक माझी होती. रुग्णालयाची नाही, माझी." पलीकडचा माणूस बराच वेळ ओरडत होता. ती ऐकत राहिली. मधे एकदाही "पण" म्हणाली नाही.

मग पुन्हा बसून काहीतरी लिहायला लागली.

"आता काय? झालं ना काम?"

"काय चुकलं आणि कसं सापडलं ते लिहून ठेवतेय. आमच्या सगळ्यांना दिसेल असं."

"नाव घालतेस?"

"घालते ना."

"लाज नाही वाटत?"

"वाटते." ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "पण मी हे सगळं शिकले कुठून, आई? समोर बसून शिकवणारं कुणी नव्हतं. कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी आपण कुठं आपटलो ते लिहून ठेवलंय. ते वाचूनच शिकले. ते लाजले असते तर मी आज कुठं असते?"

मला माझी सासू आठवली. तिनं मला दोन वर्षं बांगडी हातात दिली नव्हती. नुसता हात धरायला लावायची. अंगठ्याखालचं हाड कसं आत घ्यायचं, बाईला बोलण्यात कसं गुंतवायचं म्हणजे ती हात सैल सोडते. सगळं शिकवलं तिनं. पण तिच्या हातून एखादीचं मनगट कापलं असेल, कुणी रडत गेलं असेल, ते कधी सांगितलं नाही. आणि मीही पुढं कुणाला सांगितलं नाही. आमच्यात कासारणीचा हात चुकत नाही, एवढंच सांगायचं असतं.

शुक्रवारी हेमंत ऋजुताला घेऊन तपासणीला गेला. घरात मी एकटी. टळटळीत दुपार. मी तिच्या खोलीत गेले, दाराला कडी घातली आणि पोपटाला उचलून जमिनीवर माझ्यासमोर ठेवला. टोमॅटोच्या घड्याळाला किल्ली दिली. म्हटलं, एकदा सांगूनच टाकते पहिल्यापासून शेवटपर्यंत. म्हणजे सुनेला तोंडावर सांगता येईल की बघ, कुठं अडखळले का?

"हे बघ रे," मी त्याला म्हटलं. "लग्न माझ्या मुलाचं. हळदीच्या आदल्या दिवशी घरात चुडा भरायचा होता. बाहेरची कासारीण बोलवायचा प्रश्नच नव्हता. मी स्वतः बसले. अंगणात सात पाट."

मी सात डब्या ओळीनं मांडल्या.

"पहिली माझी थोरली जाऊ, सरूबाई. माप दोन-आठ. भरल्या. तिनं नमस्कार करायचा नसतो, मीच केला. दुसरी हेमंतची मावशी. दोन-सहा. भरल्या, नमस्कार केला. तिसरी शेजारची पुष्पा. दोन-सहाच. हाड जाड, वेळ लागला. भरल्या. नमस्कार केला. मग माझी मामेबहीण शेवंता..."

माझं बोट पाचव्या डबीवर होतं.

पोपट एका डोळ्यानं बघत होता. घड्याळ टिकटिक करत होतं. मी बोट उचललं, पुन्हा पहिल्या डबीपासून सुरू केलं. सरूबाई. मावशी. पुष्पा. शेवंता. पुन्हा पाचवीवरच.

"बरं," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू येईना. "बरं. चौथी."

चौथी कुंदा.

माझी कुंदा. दुकानात गादीवर वाढलेली. रांगायला लागली तेव्हापासून काकणांच्या ढिगात खेळलेली. तिच्या नवऱ्याला, जयवंतला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. कावीळ झाली, आठ दिवसांत गेला. ती भावाच्या लग्नाला म्हणून आली, बायकांबरोबर येऊन पाटावर बसली. तिला कुणी बसवलं नव्हतं, कुणी उठवलंही नव्हतं. लहानपणापासून बसायची तशी बसली. आणि पुष्पाचं झाल्यावर तिनं हात पुढं केला.

त्याच वेळी सरूबाई खाकरल्या. "हौसा," एवढंच म्हणाल्या. "शुभकार्य आहे."

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या.

आणि मी, जिला पेठेत कुणी उलटून बोलत नाही, मी शेवंताचा हात धरला.

घड्याळ किंचाळलं तेव्हा मी तिथंच बसले होते. ते बंद करायचंही सुचलं नाही.

पण एवढ्यावर थांबून चालणार नव्हतं. एकही पायरी सोडायची नव्हती ना? त्या सकाळी मी प्रत्येकीचा जोड माप बघून वेगळा बांधला होता. कासारीण हात मोजून बांगड्या बांधते, जास्तीच्या बांधत नाही. सहा जोड हिरवे. आणि सातवा? सगळं झाल्यावर पेटीत एक जोड उरला होता. हेमंतनं विचारलं, हा कुणाचा? मी म्हटलं, मोजताना चुकलं असेल. माझं मोजताना चुकलं म्हणे!

दुकान घराला लागूनच. मी मधल्या दारानं गेले, स्टूल घेतलं, सगळ्यात वरच्या फळीवर मागं हात घातला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो जोड तिथंच होता. सहा वर्षांची धूळ. सोडला. मोरपंखी. विधवेला हिरव्या भरल्या म्हणून कुणी बोट दाखवणार नाही, निळ्या भरल्या म्हणून पोरीला वेगळं वाटणार नाही, असा रंग मी दोन दिवस शोधला होता. माप दोन-चार. कुंदाचं.

म्हणजे सकाळी ती माझ्या यादीत होती. दुपारी मीच तिला गाळली. जयवंत गेला, आणि त्याच्या मागं बसलेल्या माझ्या पोरीकडं मी बघितलं नाही.

सहा वर्षं मी गावाला सांगत होते, कुंदा उठून गेली.

शनिवारी सकाळी मी पातळ बदललं आणि पिशवी घेतली. ऋजुता दात घासत उभी होती.

"कुठं निघालात?"

"कराडला."

तिनं चूळ भरली. माझ्या पिशवीकडं बघितलं. "हेमंत सोडेल ना गाडीनं."

"नको. मधलं राहिलंय ते माझं मला सांगायचंय."

तिनं का विचारलं नाही. पहिल्यांदाच.

फलटण ते सातारा, सातारा ते कराड. मांडीवर तो जोड. खड्डा आला की मी दोन्ही हातांनी धरायची. कुंदा शाळेच्या गणवेशांचं शिवण घ्यायची, घरीच. दार उघडलं तेव्हा गळ्यात मोजपट्टी, बोटात सुई टोचू नये म्हणून घालतात ते टोपण. ती माझ्याहून म्हातारी दिसत होती असं म्हणवत नाही, पण दिसत होती.

"आई?"

"आत घे. पाय दुखतायत."

तिनं शिवणाचे कपडे बाजूला करून खुर्ची दिली. पाणी दिलं. मशीनवर निळ्या चड्ड्यांचा ढीग होता. ती उभीच राहिली.

"बस," मी म्हटलं. "मी सांगते ते मधे न बोलता ऐक."

आणि सांगितलं. सरूबाई, मावशी, पुष्पा. मग चौथी. सरूबाईंचं खाकरणं. शेवंताचा हात. उरलेला जोड. हेमंतला दिलेलं उत्तर. गावाला सांगितलेलं सगळं खोटं. कुठंच थांबले नाही. थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते.

कुंदानं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला बांगड्यांचं काही नव्हतं, आई. नसत्या घातल्या तरी चाललं असतं. तू आधी सांगितलं असतंस की बसू नको, तर मी तिकडं वाढायला लागले असते."

"मग?"

"मी हात पुढं केला होता."

"हो."

"शेवंतामावशीच्या भरून होईपर्यंत तो तसाच होता. मागं कसा घ्यायचा ते कळेना. सगळ्या बघत होत्या. तू सोडून."

मी पिशवीतून तो जोड काढला, सोडला आणि हात पुढं केला. ह्या वेळी मी. ती खाली मशीनवरची सुई बघत राहिली. मग तिनं बोटातलं टोपण काढलं, मशीनवर ठेवलं आणि हात माझ्या हातात दिला.

हात हातात आल्याबरोबर मला कळलं. तरी मी पहिली बांगडी चढवली. अंगठ्याच्या हाडाशी अडली. दाबून बघितलं. कात्री धरून धरून हाताचे सांधे रुंद झाले होते, तळव्याला घट्टे पडले होते. आणखी जोर केला असता तर बांगडी वाढली असती. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत.

मी ती हळूच मागं काढली.

"माप चुकलं," मी म्हटलं. "दोन-सहा लागेल तुला. मी दोन-चार धरून बसले होते."

"तुझं माप चुकलं?" कुंदाच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "सांगू का पेठेत?"

"सांग. नावासकट सांग."

तेव्हा ती रडली. मी तिचा हात सोडला नाही. शिवणाच्या कपड्यांतला एक निळा तुकडा घेऊन तिनं डोळे पुसले, मग दचकून बघितलं तो कुणाच्या चड्डीचा तर नाही ना.

"उद्या डोहाळजेवण आहे," मी म्हटलं. "ऋजुता म्हणते, तू आल्याशिवाय पाटावर बसणार नाही. आणि मी तुला बोलवायला आलेय. ती म्हणते म्हणून नाही."

तिनं तो निळा तुकडा परत ढिगावर ठेवला.

"सरूकाकू असतील?"

"असतील. खाकरतीलही."

"मी कुठं बसायचं?"

"पहिल्या पाटावर. ऋजुताच्याही आधी. दुकानातनं दोन-सहा काढून ठेवते, मोरपंखीच."

"बायका बोलतील, आई."

"बोलू देत. त्यांचे हातही माझ्याच हातात यायचेत."

ती उठली. खुंटीवरची पिशवी काढली, तीच की दुसरी कुणास ठाऊक, आणि त्यात एक साडी घडी करून ठेवली. दाराशी येऊन ती चपला घालायला वाकली तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सहा वर्षं गावभर तिच्या नावानं बोलले होते. आता तिच्या तोंडावर सांगायचं राहिलं होतं.

"कुंदे, त्या दिवशी उठून गेलीस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते ना, तर बांगड्यांची ती सगळी पेटी अंगणात उधळून गेले असते."